निशाणी डाव्या हाताचा अंगठा

पारावर येणाऱ्या प्रत्येक माणसाला आम्ही 'पाव्हणं' म्हणतो. मग तो मोडीचा जाणकार असो, नाहीतर परदेशातून आजोबांचं गाव शोधायला आलेला असो. पार म्हणजे आमचा इंटरनेटवरचा कुळशोधाचा मंच. साडेचार हजार सभासद, त्यातले सहाशे रोज हजेरी लावणारे. कुणाला पणजोबांचं गाव हवं असतं, कुणाला कुलदैवत, कुणाला जुन्या कागदावरची एक ओळ वाचून हवी असते. दोन सभासदांचं नातं सिद्ध होईपर्यंत ते एकमेकांचे पाव्हणे. सिद्ध झालं की लहानानं मोठ्याला त्या नात्यानं एकदा हाक मारायची. नुसतं 'आत्या' किंवा 'काका' लिहायचं, पुढेमागे काही नाही. मग बाकीचे सगळे खाली लिहितात, 'पानं मांडा.' बाहेरच्याला हा पोरकटपणा वाटतो. मलाही पहिला महिनाभर वाटला होता.

मी सुवर्णा होगाडे. इचलकरंजीच्या एका रक्तपेढीत एकतीस वर्षं तंत्रज्ञ होते. बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय मी आजही घरात लोणचं उघडत नाही. निवृत्त झाल्यावर पारावर आले आणि लोकांच्या वंशावळींतल्या चुका काढू लागले. चुका काढणारं माणूस कुणाला आवडत नाही, पण कामाला लागतं, म्हणून वर्षभरात त्यांनी मलाच कारभारीण करून टाकलं.

पारावर प्रत्येक शोधाचा एक धागा, म्हणजे सलग चर्चा, असते. पाराचा जीव होता धागा क्रमांक सतरा. तो मिरजेच्या विश्वंभर दिवट्यांचा. वय एकोणनव्वद, लग्न केलेलं नाही, उमेदीची सगळी वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेली. एका पाव्हण्यानं आपलं कुळ थेट सूर्यापर्यंत नेऊन भिडवलं, तेव्हा दिवट्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं होतं, 'वाटेत मिरज लागते का?' त्यांचं एक लिखाण तर पाराच्या पहिल्या पानावर कायमचं लावलेलं आहे. 'मी अडीच हजार लग्नं वाजवली. नवऱ्याचं नाव कमानीवर असायचं, त्याच्या बापाचं आहेरावर, घोड्याचं घोडेवाला सांगायचा. नवरीचं माहेरचं नाव मात्र अक्षता पडल्या की गेलं, ते गेलंच. आता आपण सगळे मिळून तेच शोधतोय. चूक आम्हा बँडवाल्यांची. इतक्या मोठ्यानं वाजवायला नको होतं.'

दोन वर्षांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला, तेव्हा मिरज-सांगलीतल्या पारकऱ्यांनी डब्याच्या पाळ्या लावल्या. तीन महिने एकही वार चुकला नाही. ह्यातल्या एकाचंही दिवट्यांशी काही नातं लागत नव्हतं.

माझी आई रोज दुपारी चारला चहाबरोबर माझ्याकडून धागा सतरा वाचून घ्यायची. तिचं वय चौऱ्याऐंशी, मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर दिसत नाही. "मिरजेचं पाव्हणं काय म्हंतंय आज?" असं विचारायची. मी वाचायचे, ती ऐकायची. बाकीच्या कुणाचंही लिहिलेलं तिला नको असायचं. मला वाटायचं, विनोद आवडतात म्हणून.

दिवट्यांचा शोध एका कागदाचा होता. १९५४ सालचं दत्तकपत्र. त्यात लिहिलं होतं की गंगाभागीरथी लक्ष्मीबाई भ्रतार कैलासवासी राजाराम वरुटे, राहणार रुकडी, हिनं आपला दोन वर्षांचा मुलगा मिरजेच्या दिवटे दांपत्याला राजीखुशीनं दत्तक दिला. खाली जांभळ्या शाईचा एक ठसा आणि त्याच्या बाजूला कारकुनाच्या वळणदार अक्षरात, 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा.'

रुकडीच्या वरुट्यांना एवढंच माहीत होतं की राजाराम ऐन पंचविशीत गेला आणि वर्षभरात त्याची विधवा घर सोडून गेली. आमच्याकडच्या समाजांत विधवेला पाट लावून दुसरा संसार मांडता यायचा. पण दुसरा नवरा बहुतेक वेळा बाईला घ्यायचा, तिच्या पोराला नाही. लग्नात सासरचं नाव ठेवायचं, पाटात पुन्हा नवं नाव ठेवायचं. म्हणजे लक्ष्मी हे तिचं मधलं नाव, जेमतेम पाचसहा वर्षं वापरलेलं. त्या नावाच्या आधारानं ना तिचं माहेर सापडत होतं, ना पुढचा संसार.

अशा बायकांसाठीच जणू ठसावाचक आला.

शाई लावून अंगठा कागदावर दाबला की कातडीचे सूक्ष्म कण शाईत अडकतात. जुनी ठशाची शाई तेलकट असायची. ती वाळताना कणांवर पातळ पापुद्रा धरते आणि हवा, ओल आत जाऊ देत नाही. त्या कणांत माणसाचा डीएनए असतो. सत्तर-ऐंशी वर्षांत त्याचे बारीक तुकडे झालेले असतात, पण नाहीसा झालेला नसतो. ठसावाचक खसखशीएवढी शाई उचलतो, तुकडे वाचतो आणि एकावर एक सरकवून जुळवत जातो. पाराच्या सभासदांनी वर्गणी काढून असं एक यंत्र घेतलं आणि ते माझ्या मागच्या खोलीत आलं.

पुढची तीन वर्षं आम्ही काय पाहिलं ते पूर्ण सांगत बसत नाही. सही करता येणारे पुरुष कागदावर नावानं उरले होते. अंगठा उठवणाऱ्या बायका आता त्यांच्यापेक्षा खऱ्या उरल्या. शंभरावर बायका आम्ही त्यांच्या माहेरी पोचवल्या. दुसरीकडे काही घरांनी जुने दस्त चुलीत घातले, आणि एका घरात साठीच्या माणसाला सगळ्या पारादेखत कळलं की ज्याला तो भाऊ समजत होता तो भाऊ नाही. त्यानंतर मी नियम केला. नातं ज्या जिवंत माणसातून जातं, त्याच्या होकाराशिवाय ते पारावर मांडायचं नाही. नियम मी लिहिला आणि त्याचं मला कौतुकही वाटलं होतं.

दिवट्यांचा ठसा मी तीनदा वाचायला घेतला. तिन्ही वेळा यंत्रानं एकच उत्तर दिलं, 'नमुना दूषित, चालकाचा संसर्ग.'

ह्याचं कारण सांगायला हवं. यंत्र चालवणाऱ्याच्या शिंकेनं, घामानं, केसानं जुना नमुना सहज बिघडतो. म्हणून चालकाचा स्वतःचा डीएनए यंत्रात आधीच भरून ठेवतात. त्याच्याशी जुळणारे तुकडे यंत्र चाळून बाजूला टाकतं, आणि असे तुकडे फार निघाले तर सगळा नमुनाच नाकारतं. म्हणजे दोष माझा होता. एकतीस वर्षं रक्त हाताळून एक बाटली बिघडू दिली नाही, आणि ह्या एकाच कागदावर माझा हात पुन्हा पुन्हा कसा लागतो? दुसऱ्या वेळी मी हातमोज्यांवर हातमोजे घातले. तिसऱ्या वेळी तर तासभर तोंडही उघडलं नाही.

दिवट्यांनी मला सोडलं नाही. 'होगाडेबाई, माझ्या आईच्या अंगठ्यावर तुम्ही स्वतःचा अंगठा का उमटवता? इस्टेट नाही हो माझी.' दिवसभर सगळा पार हसत होता. मी मात्र जेवले नाही.

अकोटच्या रझिया देशमुख पारावर मोडी वाचतात, तेही आम्ही छापील वाचावं इतक्या सहज. त्यांनी मला फोन केला.

"यंत्रानं जे टाकून दिलं, ते तुम्ही पाहिलं का हो?"

"कचरा आहे तो, रझियाताई. माझाच."

"आम्ही तर कागदावर खोडलेलं आधी वाचतो," त्या म्हणाल्या. "ज्यानं खोडलं त्याला ते नको होतं, एवढंच त्यावरून कळतं. ते खोटं होतं असं नाही कळत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाळलेले तुकडे उघडून बसले. माझ्या अंगावरून कालपरवा पडलेला डीएनए असता तर त्याचे तुकडे लांब आणि स्वच्छ असते. हे तुकडे आखूड होते. त्यांची टोकं झिजलेली होती, आणि टोकांवरची डीएनएची अक्षरं बदललेली होती, जशी ती फक्त काळानं बदलतात. यंत्राच्या हिशेबानं ह्या तुकड्यांचं वय पंचाऐंशी वर्षांच्या आसपास होतं. मी बासष्ट वर्षांची आहे.

पेशीतला एक लहानसा भाग माणसाला फक्त आईकडून मिळतो. आईकडून मुलीला, मुलीकडून नातीला, जसाच्या तसा. तो भाग माझ्याशी तंतोतंत जुळत होता. बाकीच्यातला चौथा हिस्सा माझ्यासारखा होता. मग मी दिवट्यांनी पूर्वीच पाठवलेला लाळेचा नमुना काढला. ताज्या नमुन्याला चाळणी लावत नाहीत, आणि चालकाशी तो कुणी ताडून पाहत नाही, कारण चालक काही कुणाच्या शोधात नसतो. मी ताडून पाहिला. आठवा हिस्सा.

यंत्रानं काही चूक केली नव्हती. दरवेळी त्यानं मला ओळखलं होतं आणि सांगितल्याप्रमाणे बाजूला काढलं होतं. तो अंगठा माझ्या आजीचा होता. आईच्या आईचा. द्वारकाबाई सातपुते, मी एकोणीस वर्षांची होईपर्यंत जिनं माझ्या वेण्या घातल्या. आणि विश्वंभर दिवटे माझे मामा होते.

चार वाजता मी चहा ठेवला आणि आईला सगळं सांगितलं. तिनं बशी खाली ठेवली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा खोटं आहे म्हणेल. तसं काहीच झालं नाही.

"कुनाला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"कुणालाच नाही. तू हो म्हणाल्याशिवाय मला सांगता येत नाही."

"मग सांगू नगंस."

"आई, ते एकोणनव्वद वर्षांचे आहेत."

"माझ्या आईनं जल्मभर कुनाला सांगितलं न्हाई. तू कोन सांगनारी?"

पुढचे एकोणीस दिवस मी पारावर तोंड दाखवायचं टाळलं. लोकांच्या जन्मतारखा दुरुस्त करत राहिले. दिवट्यांचं पत्र आलं, 'कारभारीण रुसल्या काय? अंगठ्यावरून बोललो ते मागे घेतो. हवा तर माझाही अंगठा घ्या.' मी उत्तर दिलं नाही. मला लाज वाटत होती. मी माझ्या मामाशी खोटं वागत होते, आणि तेही माझ्याच नियमाला धरून. दुपारी चार वाजता मात्र आई विचारायची, "काय म्हंतंय मिरजेचं पाव्हणं?" हे विचारताना तिला काहीच कसं वाटत नाही, म्हणून मला तिचा राग यायचा. तरी मी वाचून दाखवायचे.

विसाव्या दिवशीचं लिखाण असं होतं.

'पाव्हणे मंडळी, धागा सतरा उद्या दुपारी चार वाजता बंद करावा, ही विनंती. डॉक्टरांनी मला जेवढा वेळ दिलाय, त्यात फार तर एक लग्न वाजवून होईल, तेही जवळच्या गल्लीतलं. जे शोधलं ते सापडलं नाही. पण शोधता शोधता साडेचार हजार माणसं सापडली, आणि त्यातली निम्मी तरी बऱ्या डोक्याची निघाली. तुम्ही पुन्हा सुरू केलेल्या डब्यांनी माझं वजन चार किलोनं वाढलंय, खांदेकऱ्यांनी मला माफ करावं. होगाडेबाईंनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. माझ्या आईच्या अंगठ्यावर आता त्यांचाही थोडा हक्क आहे.'

आई खिडकीकडे बघत होती.

"फुडं?"

"पुढं काही नाही. एवढंच."

"बंद म्हंजे?"

"म्हणजे आता ते लिहिणार नाहीत."

चहावर साय आली. मग आई म्हणाली, "मग उद्यापास्नं मला काय वाचून दावशील?"

मी तिच्याकडे पाहिलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तुला माहीत होतं?"

"तू पयल्या दिवशी वाचलंस, मिरजेचे दिवटे, बँडात वाजिवत्यात, रुकडीची लक्ष्मी. तवाच वळखलं. आईनं जाताना मला एकटीलाच सांगून ठेवलं हुतं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तीन वर्सं मी त्याचंच ऐकतिया. तुझ्या तोंडनं."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? माझ्या बापानं अट घातली, पोरगं नगं. आईनं दिलं. म्हनून त्यो संसार उभा ऱ्हायला, म्हनून मी झाले. त्याची जागा घेऊन मी बसले हाय. त्याच्याम्होरं कुठल्या तोंडानं जाऊ?"

रक्तपेढीत शिकलेलं काहीही तिथं उपयोगाचं नव्हतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"आई, त्यांना जागा नकोय. त्यांना ती कोण होती एवढंच हवंय."

ती उठली, तोंड धुऊन आली आणि चष्मा पुसून माझ्या टेबलाशी बसली. "त्यात नाव कसं घालायचं त्ये दाव. अक्षर मोठं कर."

तिला सभासद करून घ्यायला दहा मिनिटं लागली. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, तिनं धागा सतरावर चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी आयुष्यातलं पहिलं लिखाण टाकलं.

'दादा'

आधी कुणाला काही कळलं नाही. रझियाताईंनी विचारलं, 'कुणाचे दादा, पाव्हणं?' मी त्याखाली अहवाल जोडला, आईच्या होकारासह. मग रझियाताईंनी लिहिलं, 'पानं मांडा.' त्यांच्याखाली सोलापूर, धुळे, बेळगाव, मस्कत, न्यू जर्सी. नऊशेपर्यंत मी मोजलं आणि सोडून दिलं. जे सभासद वर्षानुवर्षं एक शब्द न लिहिता नुसते वाचत बसत, तेही आले होते.

दिवट्यांचं उत्तर पाऊण तासानं आलं. 'धाकटीनं इतका उशीर करायचा नसतो. जेवण निवलं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला घेऊन मिरजेला गेले. पारावर ज्यांना मी उंच, खणखणीत आवाजाचे समजत होते, ते गृहस्थ पलंगावर उशांना टेकून बसले होते आणि आईपेक्षाही लहानखुरे दिसत होते. पाळीच्या पारकऱ्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि तो डबा ठेवून बाहेर गेला. दिवटे कसलाही विनोद करेनात. मीच उगाच प्रवासाचं काहीतरी बोलत राहिले.

शेवटी त्यांनी विचारलं, "तिचं माहेरचं नाव काय?"

"ठकू," आई म्हणाली. "माझा मामा, तिचा भाऊ, हाक मारायचा तिला. आनि कुनी न्हाई."

उशाशी त्यांची वंशावळ होती, मोठ्या कागदावर हातानं काढलेली. त्यांनी पेन मागितलं. 'लक्ष्मीबाई' असं जिथं होतं, तिथं खाली लिहिलं, 'ठकू'. अक्षर नीट आलं.

"हसायची का?"

"दुसऱ्यास्नी हसवायची. सोता न्हाई." आई थोडी पुढे सरकली. "दादा, तिला ठावं हुतं तुमचं. बँडात लागलासा त्ये. गावात मिरजेचा बँड आला की आवतन नसलं तरी जायाची. लगीन कुनाचं का असंना. मला घेऊन जायाची. वाजिवनं संपूस्तवर उभी ऱ्हायाची, मग घरला."

दिवट्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना आठवतंय का, ते आठवून बघत असावेत.

"बँडकडे बघणाऱ्या बायका पुष्कळ असायच्या," ते म्हणाले. "नाही आठवत. कुठल्या बाजूला उभी राहायची?"

"त्ये मी न्हाई बघितलं," आई म्हणाली. "मी तर बँडकडंच बघत हुते."

त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे तू मला पाहिलंयस."

"व्हय. लाल कोट हुता. बाह्या लांब हुत्या."

"दुसऱ्याचा कोट होता तो," मामा म्हणाले. "माझ्या मापाचा पुढं दोन वर्षांनी शिवला."